रोबोटने हात वर केला, मुलानेही केला, पुढे काय?

मागील अंकात एक छोटे टिपण आले होते. दिव्यांग मुलांच्या पुनर्वसनासाठी परदेशांतील काही रुग्णालयांत माणसासारखे दिसणारे छोटे रोबोट वापरले जातात, एवढाच त्याचा विषय होता. त्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून इतकी पत्रे आली की या वेळचे सगळे सदर त्यालाच द्यावे लागत आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत आणि लांबलेली पत्रे आटोपशीर केली आहेत. मी व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट), म्हणजे रोजची कामे करता यावीत म्हणून सराव देणारी आहे, यंत्रे बनवणारी नाही. त्यामुळे उत्तरे देताना माझे लक्ष यंत्रापेक्षा मुलाच्या हाताकडे, मानेकडे आणि नजरेकडे जास्त राहिले असेल, तर वाचकांनी ते समजून घ्यावे.

प्रश्न : मी अक्कलकोट रस्त्यावरील एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर (माग दुरुस्त करणारा कारागीर) आहे. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) असून त्याची डावी बाजू अधू आहे. डावा हात मुठीत आवळलेला राहतो. मोबाइलवर मी एक चित्रफीत पाहिली. तीत गुडघ्याएवढा रोबोट हात वर करतो आणि समोरचे मूलही हात वर करते. अशा रोबोटने माझ्या मुलाची मूठ उघडेल का? त्यासाठी त्याला मोठ्या शहरात न्यावे का? (एक वडील, सोलापूर)

उत्तर : पुनर्वसनात ‘रोबोट’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या यंत्रांसाठी वापरला जातो आणि पालकांचा बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. एका प्रकारची यंत्रे मुलाच्या शरीराला बांधली जातात आणि त्याचे पाय किंवा हात प्रत्यक्ष हलवतात. स्वित्झर्लंडच्या होकोमा कंपनीचे चालण्याचा सराव देणारे ‘लोकोमॅट’, स्पेनमधील अभियंत्या एलेना गार्सिया आर्मादा यांनी मुलांसाठी घडवलेला ‘अ‍ॅटलस २०३०’ हा अंगावर चढवायचा यांत्रिक सांगाडा आणि केरळच्या जेनरोबोटिक्सचे ‘जी-गेटर’ ही त्यांची उदाहरणे आहेत. तुम्ही पाहिलेला रोबोट या जातीचा नाही. वर्णनावरून तो ‘नाओ’ असावा. फ्रान्समधील अल्देबारान कंपनीने बनवलेल्या या रोबोटची उंची सुमारे ५८ सेंटिमीटर आणि वजन साडेपाच किलोच्या आसपास असते. तो मुलाला हात लावत नाही. त्यामुळे आवळलेली मूठ तो स्वतः उघडू शकत नाही, ही गोष्ट आधीच स्पष्ट झालेली बरी.

मग तो करतो काय? तो व्यायाम करून दाखवतो, मोजतो, शाबासकी देतो आणि ‘पुन्हा एकदा’ म्हणतो. स्पेनमधील सेव्हिल शहरातील विर्हेन देल रोसिओ रुग्णालय आणि माद्रिदचे कार्लोस तिसरा विद्यापीठ यांनी मिळून ‘नाओथेरपिस्ट’ नावाची एक पद्धत तयार केली. तीत नाओ हातांच्या वेगवेगळ्या स्थिती करून दाखवतो, समोर लावलेला, वस्तू किती अंतरावर आहे ते मोजणारा कॅमेरा मुलाचे खांदे आणि कोपरे कोणत्या कोनात आहेत ते टिपतो, आणि चूक झाली तर रोबोट ती स्थिती पुन्हा दाखवतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या आणि जन्माच्या वेळी खांद्याजवळच्या मज्जातंतूंना इजा झालेल्या मुलांसाठी ती वापरून पाहिली गेली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये स्विनबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी याच नाओला खुर्चीवरून उठून उभे राहण्यासारखे व्यायाम शिकवले. आपल्याला जे उठणे-बसणे सहज वाटते ते या छोट्या यंत्राला तोल न जाता करता यावे यासाठी बरेच दिवस खपावे लागते, हे वाचून मला आपल्याच मुलांची आठवण झाली.

तुम्ही जॉबर आहात, म्हणून तुमच्याच कामातले उदाहरण देते. मागावर नक्षी उतरवणाऱ्या जकार्ड यंत्राच्या कार्डाला जशी छिद्रे पाडलेली असतात तसेच ताण्याचे धागे उचलले जातात आणि चादरीवर तीच नक्षी उतरते. माग स्वतः नक्षी सुचवत नाही. चित्रफितीतला रोबोटही बहुतेक वेळा आधी भरून ठेवलेल्या हालचाली करतो, आणि कधी कधी चित्राच्या चौकटीबाहेर बसलेला माणूस टॅबलेटवरून त्याला चालवत असतो. कोणत्या मुलाला कोणता व्यायाम, किती वेळा आणि कधी थांबायचे, हे ठरवणारी व्यक्ती फिजिओथेरपिस्ट किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञच असते. रोबोटचा खरा उपयोग कंटाळा लांबवण्यात आहे. मेंदूला नवी हालचाल शिकायची असेल तर ती शेकडो वेळा व्हावी लागते. दहाव्या खेपेला मूल वैतागते, विसाव्या खेपेला आई वैतागते, रोबोट मात्र वैतागत नाही.

आता मुठीकडे वळते. ऑस्ट्रेलियातील आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये सेरेब्रल पाल्सीवरील उपचारांचा मोठा आढावा घेतला आणि सिग्नलच्या दिव्यांप्रमाणे उपचारांना हिरवा, पिवळा व लाल रंग दिला. एका बाजूच्या हातासाठी हिरव्या रंगात दोन गोष्टी ठळक आहेत. चांगला हात ठरावीक वेळ बांधून किंवा मोज्यात ठेवून अधू हाताला काम करायला लावणे ही एक, आणि दोन्ही हात लागतील अशी कामे भरपूर करून घेणे ही दुसरी. दोन्हींसाठी सोलापूरच्या घरात साहित्याची कमतरता नाही. भुईमुगाच्या शेंगा फोडायला दोन्ही हात लागतात. डाव्या हाताने शेंग धरायची आणि उजव्याने दाबायची. टॉवेलची घडी घालणे, ओला टॉवेल पिळणे, परातीतला भाकरीच्या पिठाचा गोळा दोन्ही तळव्यांनी मळणे, ही सारी उपचाराचीच कामे आहेत. मुलाला शेंगा आवडत असतील तर फोडलेली शेंग त्यानेच खावी. रोबोटच्या शाबासकीपेक्षा ती कमी मोलाची नाही. मात्र चांगला हात मोज्यात ठेवण्याचा प्रकार तज्ज्ञाने वेळ आणि कामे ठरवून दिल्याशिवाय सुरू करू नका, आणि दिवसभर तर मुळीच ठेवू नका. मूल चिडते, पडले तर सावरू शकत नाही. मूठ इतकी ताठ असेल की तळव्यात नखे रुतत असतील, तर ताठ स्नायू सैल करणारे बोटुलिनम इंजेक्शन आणि त्यासोबत हाताला लावायची पट्टी यांचा विचार डॉक्टर करतील. त्या सल्ल्यासाठी मोठ्या शहरात जावे लागले तर जरूर जा. केवळ रोबोटसाठी पगार बुडवून जाऊ नका.

प्रश्न : माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सीबरोबर फिटही येतात. रोबोटच्या डोळ्यांत दिवे चमकतात असे ऐकले. त्याने फिट येईल का? (एक आई, मोहोळ)

उत्तर : फिट येणाऱ्या मुलांपैकी थोड्याच मुलांना लुकलुकत्या प्रकाशाने फिट येते, पण आपली मुलगी त्यांपैकी आहे का, हे मेंदूचा आलेख पाहून तिचे डॉक्टरच सांगू शकतील. त्यांना विचारल्याशिवाय तिला अशा यंत्रासमोर बसवू नका. उपचार करणाऱ्याला फिटविषयी आधी सांगा. रोबोटचे दिवे स्थिर ठेवता येतात किंवा बंद करता येतात. आणि त्या दिवशी औषधाची वेळ चुकवू नका, कारण फिट येण्याचे ते कारण दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा आढळते.

प्रश्न : आम्ही शहराच्या पूर्व भागात राहतो आणि घरी तेलुगू बोलतो. मुलगी साडेचार वर्षांची आहे. तिला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले आहे. बालवाडीत मराठी चालते. ती माझ्याकडे पाहत नाही, हाकेला ओ देत नाही. जे मूल आईच्या तोंडाकडे पाहत नाही ते रोबोटकडे का पाहील? आणि पाहिलेच, तर ती माणसांपासून आणखी दूर जाणार नाही का? (एक आई, सोलापूर)

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न या विषयातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, पण त्याचे उत्तर पहिल्यातून जाते.

माणसाचा चेहरा क्षणभरही स्थिर नसतो. भुवया उचलतात, ओठ हलतात, आवाज चढतो, नजर दुसरीकडे जाते, आणि त्यातले काय महत्त्वाचे आहे हे आपण नकळत निवडत असतो. स्वमग्न मुलाला ही निवड अवघड जाते. गड्ड्याच्या यात्रेत चारही बाजूंनी भोंगे वाजत असताना कोणी आपल्याला काही सांगू लागले, तर आपण मान फिरवतोच. तुमच्या मुलीचे मान फिरवणे काहीसे तसे असू शकते. ती तुम्हाला नाकारत आहे असा त्याचा अर्थ लावू नका. रोबोटचा चेहरा मात्र साधा असतो. तो दर वेळी त्याच प्रकारे वळतो, त्याच आवाजात बोलतो, रागावत नाही. पुढे काय होणार हे मुलाला आधीच कळते, म्हणून त्याला बघण्याचे धाडस होते.

हे आजकालचे नाही. एडिनबर्ग येथे सिल्व्हिया विअर आणि रिकी इमॅन्युएल यांनी १९७६ मध्येच ‘लोगो’ या संगणकभाषेवर चालणारे जमिनीवरचे यांत्रिक कासव एका स्वमग्न मुलाच्या हाती दिले होते आणि त्या खेळातून त्याचा संवाद खुलला असे नोंदवले होते. पुढे इंग्लंडमधील हर्टफर्डशायर विद्यापीठात केर्स्टिन डाउटेनहान यांच्या गटाने २००५ पासून ‘कॅस्पर’ हा लहान मुलाएवढा रोबोट विकसित केला. त्याच्या चेहऱ्यावर मुद्दामच कमी भाव ठेवले आहेत. मुलाने त्याला जोरात चिमटा काढला तर तो ‘दुखले’ म्हणतो आणि तोंड झाकून घेतो. हळू गोंजारले तर खूश होतो. दुसऱ्याला किती जोराने धरायचे, हे शिकवायला खरे भावंड वापरता येत नाही, म्हणून मला ही कल्पना फार शहाणपणाची वाटते.

पण रोबोटकडे पाहणे हे साध्य मानले तर तुमची भीती खरी ठरेल. चांगल्या उपचारात मूल आणि रोबोट हे दोघेच कधी नसतात, तिसरी जागा माणसाची असते. रोबोट मान वळवून चेंडूकडे पाहतो, मूल त्याच्या नजरेमागे जाऊन चेंडूकडे पाहते, आणि त्याच क्षणी थेरपिस्ट किंवा आई म्हणते, ‘चेंडू!’ एका वस्तूकडे दोघांनी मिळून पाहणे ही बोलण्याच्या आधीची पायरी आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ स्वमग्न मुलांच्या घरी महिनाभर रोज अर्धा तास असा खेळ झाला. ‘जिबो’ नावाचा तो रोबोट टेबलावर ठेवायचा होता, हातपाय असलेला नव्हता, पण तत्त्व तेच. घरातले मोठे माणूसही या खेळात सामील असे, आणि रोबोट समोर नसताना मूल माणसाबरोबर कसे लक्ष देते हे संशोधकांनी मोजले. त्यात सुधारणा दिसली. नेदरलँड्समध्ये ३ ते ८ वर्षांच्या ७३ मुलांचे तीन गट केले गेले. एकाला नेहमीचे उपचार मिळाले, दुसऱ्याला विशिष्ट खेळ-उपचार आणि तिसऱ्याला तेच खेळ-उपचार नाओसह. उपचार संपले तेव्हा गटांमध्ये ठळक फरक नव्हता. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा रोबोट असलेल्या गटाची प्रगती पालकांना अधिक वाटली. चमत्कार म्हणावा असे यात काही नाही, पण रोबोटमुळे मुले माणसांपासून तुटली असेही दिसले नाही.

भाषेबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण आपल्या शहरात एकाच गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी ऐकू येतात. घरी तेलुगू बोलल्यामुळे मूल बोलत नाही, असे कोणी सांगितले असेल तर ते मनावर घेऊ नका. दोन भाषांच्या घरात स्वमग्न मुलांचे नुकसान होते असे अभ्यासांत आढळलेले नाही. तुमच्या तोंडी जी भाषा सहज येते तीतच तिच्याशी बोला. उलट प्रश्न रोबोटला विचारायचा आहे. घरी ‘इटु चूडु’, बालवाडीत ‘इकडे बघ’ आणि उपचारकेंद्रात इंग्रजीत तिसरेच काही, असे झाले तर मुलीला एका कृतीसाठी तीन आवाज शिकावे लागतील. तुमच्या आवाजात मुद्रित केलेली चार तेलुगू वाक्ये रोबोटमध्ये घालता येतील का, असे स्पष्ट विचारा. ते तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

प्रश्न : शहरातील एका खासगी केंद्राने ‘रोबोट थेरपी’च्या ४० बैठकांचे पैसे आगाऊ मागितले आहेत. तीन महिन्यांत मुलगा बोलू लागेल, असे ते सांगतात. काय करावे? (एक पालक, जुळे सोलापूर)

उत्तर : आगाऊ पैसे देऊ नयेत. तीन महिन्यांत मूल बोलेल अशी हमी रोबोट असो वा नसो, कोणालाही देता येत नाही, आणि जो देतो त्याच्या बाकीच्या बोलण्याकडेही सावधपणे पाहावे.

पैशांचे बोलणे होण्यापूर्वी एक बैठक खोलीत बसून पाहायला मागा. काचेमागून किंवा मोबाइलवर नको. रोबोट कोण चालवतो आणि त्या व्यक्तीचे शिक्षण काय, हे विचारा. वाचा-उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. फिजिओथेरपिस्ट आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ यांच्यासाठी आपल्या राज्यात वेगळी परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान काही नाही. मला कोणी विचारला तर मी आनंदाने दाखवते. त्यानंतर उद्दिष्ट लिहून मागा. ‘संवाद सुधारेल’ हे उद्दिष्ट होत नाही. ‘आठ आठवड्यांनी मुलगा घरी पाणी हवे असताना पेल्याकडे बोट दाखवेल किंवा चित्र देईल’ हे उद्दिष्ट झाले, कारण ते तुम्हाला स्वतःला तपासता येते, आणि तेही रोबोट नसलेल्या स्वयंपाकघरात. रोबोटसमोर मूल खूश दिसते याला फार महत्त्व देऊ नका. नवे खेळणे पहिले काही दिवस सगळ्यांनाच आवडते.

आणखी एक गोष्ट पालक हमखास विसरतात. रोबोटच्या डोक्यात कॅमेरा आणि माइक असतो. तुमच्या मुलाचे चित्रीकरण कुठे साठते, ते जाहिरातीत वापरले जाणार आहे का, हे लेखी घ्या. २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर गर्दीत केलेली सही म्हणजे विचारपूर्वक दिलेली संमती, असे मी तरी मानत नाही.

प्रश्न : माझा नातू कर्णबधिर आहे. रोबोट त्याला खुणांची भाषा शिकवू शकेल का? (एक आजोबा, बार्शी)

उत्तर : नाओच्या हाताला तीनच बोटे असतात आणि ती एकत्रच मिटतात, त्यामुळे बहुतेक खुणा त्याला करता येत नाहीत. तुर्कस्तानात इस्तंबूलच्या तांत्रिक विद्यापीठात यासाठी पाच बोटांचे हात बसवलेला दुसरा रोबोट वापरून पाहण्यात आला. आपण मात्र त्याची वाट पाहू नये. घरातल्या चार माणसांनी भारतीय सांकेतिक भाषेच्या पन्नास खुणा शिकल्या, तर नातवाला बोलायला चार माणसे मिळतील.

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणी दिव्यांग मुलांची शाळा चालवतो. एक दाते शाळेला मानवाकृती रोबोट देऊ इच्छितात. त्यासाठी काही लाख रुपये खर्च करण्याची त्यांची तयारी आहे. वर्तमानपत्रात बातमीही येईल. स्वीकारावा का? (एक मुख्याध्यापक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : बातमी येईल, हे आपण प्रामाणिकपणे लिहिलेत, याबद्दल आभार. माझे उत्तर दात्याला आवडणार नाही. आज तरी स्वीकारू नये, असे माझे मत आहे.

रोबोट विकत घेणे म्हणजे एका कंपनीच्या आयुष्याला आपल्या वर्गाचे वेळापत्रक बांधणे असते. सगळ्यांत जास्त अभ्यास ज्या नाओवर झाले, त्याची जन्मदाती अल्देबारान कंपनी २०२५ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि नंतर तिची मालमत्ता एका चिनी कंपनीने घेतली. येलच्या अभ्यासातला ‘जिबो’ बनवणारी कंपनीही आधीच बंद पडली होती. अशा यंत्राचा एक सांधा बिघडला की ते दुरुस्तीला पाठवायचे कुठे, बॅटरी मिळेल का, इंटरनेट नसताना त्यातले काय काय चालते, आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडचा पारा ४० अंशांच्या वर गेला की वर्गात त्याच्या मोटारी किती वेळ तग धरतात, या प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याकडून लेखी मिळेपर्यंत हे दान दान ठरत नाही, जबाबदारी ठरते. मी एका शाळेत असे महागडे उपकरण पाहिले आहे. ते साहेब येणार असले की खोक्यातून बाहेर येत असे.

मेलबर्नच्या कामातून एक धडा मला फार पटतो. रोबोट तंत्रज्ञाशिवाय, थेरपिस्टला स्वतःला चालवता आला पाहिजे, नाहीतर तो वापरात राहत नाही. आपल्या शाळेत पूर्णवेळ थेरपिस्ट आहे का? नसेल तर दात्याला सांगा की त्याच रकमेत एका व्यवसायोपचारतज्ज्ञाचे काही वर्षांचे मानधन निघेल. उभे राहण्याच्या चौकटी, प्रत्येक मुलाच्या मापाच्या खुर्च्या, न बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रांचे संवादफलक आणि एक-दोन टॅबलेट एवढे घेऊनही पैसे उरतील. मापाच्या खुर्चीवर ताठ बसलेल्या मुलाचे हात मोकळे होतात, गिळणे सुधारते, फळा दिसतो. तिची बातमी कोणी छापत नाही, हे खरे आहे.

दात्याला यंत्राचेच आकर्षण असेल, तर जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाशी करार करून एका सत्रापुरता रोबोट उसना आणा. कोणत्या मुलांना त्याचा उपयोग झाला, कोणी घाबरले, कोणी दुर्लक्ष केले, हे शिक्षकांनी वहीत लिहून ठेवावे. विकत घेण्याचा विचार ती वही वाचून करता येईल. शिवाय हाताने नाचवायची बाहुलीही अनेक मुलांसाठी हेच काम करते, हेही त्या वहीत कदाचित आपल्याच शिक्षकांच्या अक्षरात लिहिले जाईल.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात आहे. आमच्या गटाला दिव्यांग मुलांसाठी मानवाकृती रोबोट बनवायचा आहे. कुठून सुरुवात करावी? (एक विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : कार्यशाळेऐवजी उपचारकेंद्राच्या कोपऱ्यातून सुरुवात करा. चार आठवडे, आठवड्यातून दोनदा, काहीही न बनवता नुसते बसा. एका मुलाला घास तोंडापर्यंत न्यायला किती प्रयत्न पडतात ते पाहिल्यावर तुमच्या आराखड्यातल्या निम्म्या गोष्टी आपोआप गळून पडतील.

चेहरा माणसासारखा हुबेहूब करण्याच्या मागे लागू नका. जपानी अभियंते मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच सांगितले होते की यंत्र माणसासारखे होता होता एका टप्प्यावर, अगदी थोडे उणे राहिले असताना, आपल्याला भेसूर वाटू लागते. दोन डोळे आणि एक तोंड एवढे पुरते. बोटे अडकतील अशी फट कुठेही ठेवू नका, मूल ओढणार, चावणार आणि खाली पाडणार हे गृहीत धरा, आणि मोटार बंद करणारे मोठे लाल बटण थेरपिस्टच्या हाताशी असू द्या. मोटारींचा आवाजही मोजा. स्वमग्न मुलाला घरामागचा मागाचा खडखडाट सवयीचा असेल, पण शांत खोलीत कानाशी होणारी अनोळखी घरघर त्याला असह्य होऊ शकते. चालणारे पाय बनवण्यात वर्ष घालवण्यापेक्षा टेबलावर बसणारे धड, दोन हात आणि वळणारी मान बनवा. तोल जाण्याचा प्रश्नच येत नाही. तुमच्या गटात तेलुगू किंवा कन्नड बोलणारे कोणी असेलच. वाक्ये त्यांच्या आवाजात भरा. परदेशातला कोणताही रोबोट ते तुमच्याइतके सहज करू शकणार नाही.

मुलांवर प्रयोग करण्यापूर्वी महाविद्यालयाची किंवा रुग्णालयाची आचारसमिती आणि पालकांची लेखी संमती लागेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे वाचा. प्रकल्पाच्या तारखेची घाई हे ती टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

प्रश्न : रोबोट राहू द्या, आम्हाला साधे उपचारही परवडत नाहीत. पत्नी विड्या वळते, मी रोजंदारीवर आहे. मदत कुठे मिळेल? (एक वडील, विडी घरकुल)

उत्तर : अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्यांच्याकडून जिल्ह्याच्या शीघ्र निदान व उपचार केंद्रासाठी चिठ्ठी घ्या. मुलाचे दिव्यांगत्व २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांपैकी असेल तर यूडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी अर्ज करा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य संरक्षण मिळते. थेरपीचा खर्चही तीत मर्यादेपर्यंत धरला जातो आणि आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. मूल शाळेच्या वयाचे असेल तर समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांची चौकशी शाळेतच करा. पावत्या जपून ठेवा; ‘निरामय’चा दावा त्यांच्यावरच अवलंबून असतो.

प्रश्न : आमचा नातू मुलाच्या नोकरीमुळे परगावी उपचार घेत होता. तिथे एक रोबोट त्याच्याशी खेळे, गाणे म्हणे. आता ते सोलापूरला परत आले आहेत. लेकरू रोज त्या रोबोटचे नाव घेऊन दाराकडे बघते. यंत्राला इतका जीव लावू द्यायला नको होता का? (एक आजी, सोलापूर)

उत्तर : आजी, मूल ज्याच्याशी खेळते त्याला जीव लावतेच; लाकडी घोड्यालाही लावते. जीव लावू दिला ही चूक नव्हती. निरोप घ्यायचा राहून गेला, तेवढे उणे राहिले.

हे फक्त तुमच्याच घरी घडलेले नाही. मुलांशी गप्पा मारणारा ‘मॉक्सी’ नावाचा अमेरिकी रोबोट बनवणाऱ्या कंपनीने २०२४ च्या डिसेंबरमध्ये व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. रोबोटचे बोलणे कंपनीच्या दूरच्या संगणकांवर अवलंबून असल्यामुळे तो घराघरांत मुका होणार होता, आणि मुलांना हे कसे सांगावे याविषयी कंपनीला पालकांना पत्र द्यावे लागले. चांगल्या केंद्रात शेवटच्या तीन-चार बैठका निरोपाच्या असाव्यात, असा माझा आग्रह असतो. कॅलेंडरवर खुणा करायच्या, रोबोट दर बैठकीत थोडा कमी वेळ आणायचा, आणि शेवटच्या दिवशी मुलानेच त्याला खोक्यात झोपवायचे.

राहिलेला निरोप अजूनही घेता येईल. त्या केंद्राकडून रोबोटचे एक छायाचित्र आणि त्या गाण्याची ध्वनिफीत मागवा. छायाचित्र नातवाच्या हाती देऊन, रोबोट तिकडेच राहिला, आपण इकडे आलो, हे सोप्या शब्दांत आणि रोज त्याच शब्दांत सांगा. मग ध्वनिफीत लावून तुम्ही ते गाणे म्हणा. रोबोट ज्या ओळीनंतर थांबत असेल तिथेच तुम्हीही थांबा. पुढची ओळ कदाचित नातू म्हणेल, कदाचित नुसती मान हलवेल. तो तुमच्याकडे बघेल तेव्हा ध्वनिफितीचा आवाज थोडा कमी करा, दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. ती पूर्ण बंद झाल्यावरही गाणे चालू राहिले, की मला एक पोस्टकार्ड टाका.